डब्याच्या वेळेला या

नोव्हेंबर संपत आला की आमच्या शाळेचा फोन वाजायला लागतो. कुठल्या तरी कॉलेजचे सर नाहीतर मॅडम असतात. "३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन आहे. आमची पन्नास-साठ मुलं घेऊन येतो, छोटासा कार्यक्रम करू." छोटासा म्हणजे काय, ते मला आता पाठ आहे. फ्लेक्स, पुष्पगुच्छ, स्पीकर, फुगे, केक, दोन गाण्यांवर नाच, पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी सगळ्यांचा मिळून फोटो. दीड तासात आटोपतं आणि बस निघून जाते. मी फोनवर विचारते, "तीन तारखेचं राहू द्या. त्याऐवजी त्यातली चार-पाच जणं दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, डब्याच्या वेळेला येतील का?" पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही. मग "बघतो, मॅडम" म्हणून फोन ठेवला जातो.

येणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मान्य. पण स्पीकरचा पहिला ठोका पडला की सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचं सगळं अंग दचकून ताठ होतं आणि ते सैल व्हायला बराच वेळ जातो. ज्याला दिसत नाही त्याच्या कानाजवळ फुगा फुटला, तर तो पुढचे काही दिवस त्या खोलीत पाऊल टाकत नाही. ज्या मुलीला नीट गिळता येत नाही तिच्या तोंडात कोणीतरी कौतुकानं केकचा तुकडा घालायला जातं आणि आमच्या मावशी धावत जाऊन हात धरतात. पाहुण्यांना ते उद्धट वाटतं. फिट येणाऱ्या मुलांना तर त्या दिवशी आम्ही मागच्या खोलीतच बसवतो. म्हणजे कार्यक्रम ज्यांच्यासाठी, तीच मुलं कार्यक्रमाला नसतात.

मी विशेष शिक्षिका आहे. छत्रपती संभाजीनगर शहराच्या एका कडेच्या शाळेत बहुविकलांग मुलांना शिकवते. शाळेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या आठवड्यात केक येईल. मी लिहिते आहे ते माझ्या वर्गातलं आहे, पण माझ्या म्हणण्याचा रोख शाळांकडे नाही, कॉलेजांकडे आहे.

बहुविकलांग म्हणजे दोन-तीन अपंगत्वांची बेरीज, असा एक सोपा समज असतो. तसं नाही. अंध मूल कानांनी शिकतं, कर्णबधिर मूल डोळ्यांनी. ज्याला दोन्ही कमी, त्याच्यासाठी हे दोन्ही रस्ते अर्धवट बंद होतात आणि स्पर्शाचा तेवढा उरतो. आता त्याच मुलाचे हात सेरेब्रल पाल्सीनं आखडलेले असतील तर? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं अशा मुलांची वेगळी दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. त्यात एकापेक्षा जास्त अपंगत्वं असणाऱ्यांचा प्रकार आहे आणि दिसणं-ऐकणं दोन्ही नसलेली मुलंही त्यातच येतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, त्यापैकी १ लाख ६४ हजार बहुविकलांग. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्यामुळे आपण अजून त्याच आकड्यावर बोलतो.

आता डब्याचं बोलू. कारण माझं सगळं म्हणणं त्या डब्यात आहे.

माझ्या वर्गात आठ मुलं. मी एक आणि एक मावशी. आठांपैकी पाच जणांना स्वतःच्या हातानं जेवता येत नाही. अशा एका मुलाला नीट भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाच मुलं, दोन माणसं. हिशेब दीड तासाच्या पुढे जातो आणि जेवणाची सुट्टी असते पाऊण तासाची. त्यानंतर कोणाला कपडे बदलायचे असतात, कोणाला टॉयलेटला न्यायचं असतं आणि व्हॅनवाले दादा वेळेवर हॉर्न वाजवतात. त्यांनाही पुढच्या खेपा असतात. मग जे व्हायचं तेच होतं. घाई होते. घास मोठा होतो, दोन घासांमधला वेळ कमी होतो आणि अर्धा डबा झाकण लावून घरी परत जातो. संध्याकाळी आई तो उघडते आणि तिला वाटतं, पोरगं जेवतच नाही. पोरगं जेवतं. त्याला वेळ मिळत नाही.

भरवण्यात कसलं आलंय शिक्षण, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. मूल आधी नीट बसलं पाहिजे. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, गुडघे काटकोनात, पाय लटकते नाहीत तर खाली टेकलेले. पाय अधांतरी असले की अंग ताठतं, अंग ताठलं की मान मागे जाते, आणि मान मागे गेली की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे घसरतो. म्हणून उभं राहून, वरून भरवायचं नाही. समोर बसायचं, डोळ्याच्या पातळीवर, म्हणजे मूल हनुवटी किंचित खाली ठेवून घास घेतं. चमचा उथळ हवा आणि स्टीलचा नको. काही मुलांच्या तोंडात काही गेलं की जबडा आपोआप घट्ट मिटतो; तो त्यांच्या हातात नसतो. अशा वेळी चमचा ओढायचा नाही. तोंड सैल होईपर्यंत शांत बसायचं. अर्धा चमचा द्यायचा, गिळलेलं बघायचं, मग पुढचा. नवख्याला वाटतं पाणी सगळ्यात सोपं, पण पातळ पदार्थच सगळ्यात अवघड जातो, तो आवरण्याआधी घशात उतरतो. घट्ट वरण, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी बरी. मुरमुरे, शेंगदाणे, फुटाणे अजिबात नाही. खोकला आला, आवाज ओलसर घरघरता झाला, डोळ्यांतून पाणी आलं की थांबायचं आणि मला हाक मारायची. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. यातलं काही चुकलं तर अन्नाचे कण फुप्फुसात जातात, न्यूमोनिया होतो. तो अशा मुलांना परत परत होतो आणि जिवावर बेततो. त्यामुळे कोणालाही पहिल्याच दिवशी चमचा हातात मिळत नाही. पहिले काही आठवडे शेजारी बसून बघायचं, वाटी धरायची, तोंड पुसायचं. आमच्या थेरपिस्ट बाईंनी मान हलवली की मग चमचा.

हे सगळं एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना जमतं का? जमतं. आमच्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा यायचा. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, इथं टीव्ही सेंटरजवळ खोली करून राहणारा, मेकॅनिकलचा. पहिल्या दिवशी मुलांची लाळ बघून त्याला मळमळलं आणि त्यानं ते लपवलं नाही. मला ते आवडलं. "मॅडम, मला जमल का नाही सांगता येत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "जमवू नको, नुसता बस." तो बसला. दर आठवड्याला, त्याच वाराला, त्याच मुलासमोर. काही आठवडे गेल्यावर त्यानंच विचारलं, "याचे पाय लटकतेत म्हणून हा ताठ होतोय का?" हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला बलं आणि आधार यांचा अभ्यास होता, त्या नजरेनं त्यानं मूल बघितलं. पुढच्या खेपेला किराणा दुकानातले रिकामे खोके घेऊन आला. पुठ्ठ्याचे थर खळीनं एकमेकांना चिकटवून, वाळवून, त्यानं पायाखालचं चौरंगासारखं एक टेकण केलं. वजन पेलतं, धुता येत नाही म्हणून वर रेक्झिन लावलेलं. खर्च जवळपास काहीच नाही. कागद-पुठ्ठ्यापासून अपंग मुलांसाठी खुर्च्या, टेबलं करण्याचं हे तंत्र झिम्बाब्वेत रुजलं आणि तिथून जगभर गेलं. त्या पोरानं मोबाइलवर शोधून काढलं. टेकण आल्यावर मुलाच्या जेवणाचा वेळ कमी झाला. बाजारात अशा मुलांची तयार खुर्ची घ्यायला गेलं तर वाळूजच्या कारखान्यांत रोजंदारी करणाऱ्या बापाला ती परवडत नाही.

दुसरी एक बी.एस्सी.ची मुलगी, शहागंजच्या बाजूची. आमच्याकडच्या एका मुलाला एका कानानं थोडं ऐकू येतं, नजर अगदी अंधूक. मी त्याला कितीही "ये, इकडे ये" म्हटलं तरी तो ढिम्म. ती आली, त्याच्या चांगल्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आजा राजा, खाना खाएंगे." त्यानं मान वळवली. घरात दखनी बोलली जाते, त्या कानात जे थोडे आवाज पोचतात ते त्याच भाषेतले. ती गोष्ट माझ्या ट्रेनिंगमध्ये नव्हती, तिच्या गल्लीत होती. त्या मुलाची अम्मी एकदा शाळेच्या दारात मला अडवून विचारायला लागली, "मॅडम, आजकल इसको खाना कौन खिला रहा? डब्बा पूरा खाली आ रहा." या शहरातल्या विशेष शाळांना मराठी, दखनी, उर्दू, लमाणी अशी घरची बोली येणारी तरुण माणसं हवीत. ती कॉलेजांत बाकांवर बसलेली आहेत.

दिसणं-ऐकणं दोन्ही नसलेल्या हेलन केलरची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. हापशाचं पाणी हातावर पडतं आणि मुलीला शब्द सापडतो. पण ती शिकवणारी कोण होती, किती वर्षांची होती, हे विचारलं तर वर्गात शांतता. अ‍ॅन सुलिव्हन ३ मार्च १८८७ ला केलरांच्या घरी अलाबामात पोचली तेव्हा वीस वर्षांची होती. आपल्याकडे या वयाची मुलगी एस.वाय. नाहीतर टी.वाय.ला असते. तिची स्वतःची नजर अधू होती आणि अंधशाळेतून बाहेर पडून तिला वर्षही झालं नव्हतं. पाण्याचा तो प्रसंग ५ एप्रिलचा. मधल्या महिन्यात काय झालं? एक मोठं भांडण झालं, तेही जेवणाच्या टेबलावर. हेलन सगळ्यांच्या ताटांत हात घालून खायची आणि घरातले लाडानं, दयेनं तिला खाऊ द्यायचे. अ‍ॅननं घरच्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि हेलननं स्वतःच्या ताटात, चमच्यानं जेवेपर्यंत ती तिथून उठली नाही. त्यानंतर दोघी बागेतल्या छोट्या घरात वेगळ्या राहिल्या. शब्द त्याच्यानंतर आला. आपण पाण्याचं तेवढं सांगतो, कारण ते सांगायला सुंदर आहे. मला चमच्याचं जास्त महत्त्वाचं वाटतं. एक वीस वर्षांची मुलगी, एक मूल, रोज, त्याच वेळेला.

मग आपल्या कॉलेजांकडून असं का होत नाही? पोरं आळशी झालीत, मोबाइलमध्ये घुसलीत, हे उत्तर मला पटत नाही. त्याच मोबाइलवर त्या मेकॅनिकलवाल्यानं पुठ्ठ्याचं टेकण शोधलं. माझ्या मते दोष आपल्या सेवेच्या साच्यात आहे. महाराष्ट्रात तरुणांच्या सेवेचा साचा शिबिराचा आहे. १९६७ मध्ये बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आली. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, श्रमदान, गावात मुक्काम, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना माणूस म्हणून त्यानं घडवलं. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातली पोरं ढिगारे उपसायला धावली ती या संस्कारातूनच. मी त्याची टिंगल करत नाही. बंधारा बांधायला सात दिवस पुरतात. पन्नास जणं मिळून आली की बंधारा लवकर होतो. मुलाचं तसं नाही. मुलासमोर पन्नास जणं आली की ते घाबरतं. सात दिवस सलग कोणी आलं आणि आठव्या दिवसापासून कधीच आलं नाही, तर ते न येण्यापेक्षा वाईट. आपण बंधाऱ्याची पद्धत मुलाला लावतो आणि वर फोटो काढतो.

आणि आता तर सवड आहे. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातले चाळीस तास एका मुलाला द्यायला काय हरकत आहे? नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात समाजात जाऊन काम करण्याला क्रेडिट आहेत. दोन क्रेडिट म्हणजे प्रत्यक्ष कामाचे साठेक तास. एका सत्रात आठवड्याला चार तास झाले. दोन दिवस, दोन-दोन तास. जेवणाची सुट्टी आणि तिच्या आगेमागे थोडा वेळ, बरोबर बसतं. पण सध्या माझ्याकडे सही घ्यायला येणाऱ्या बहुतेक प्रोजेक्टच्या फायली कशा असतात? मुखपृष्ठ, ऋणनिर्देश, उद्दिष्टं, 'दिव्यांगांच्या समस्या' या विषयावरची इंटरनेटवरून घेतलेली दहा पानं, आणि शेवटी आमच्या मुलांचे फोटो चिकटवलेले. एका फायलीत मी एका पानावर आमच्या मुलीला 'लाभार्थी' म्हटलेलं वाचलं. तिला कोणता लाभ झाला, ते फाईलभर सापडलं नाही.

प्राध्यापक मंडळींना माझी सूचना अशी आहे की फाईल मागूच नका. हजेरी मागा. विद्यार्थी कुठल्या मुलासोबत होता, किती आठवडे सलग आला आणि त्याला त्या मुलाबद्दल काय कळलं, हे तोंडी विचारा. मुलाला भूक लागल्याचं ते कसं सांगतं? त्याला कुठल्या कुशीवर बरं वाटतं? 'नको' कसं म्हणतं? या तीन प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर मिळत नाहीत. ज्याला देता आली त्याला पूर्ण मार्क द्या.

यावर लोक विचारतात, "मार्कांसाठी आलेली सेवा ती कसली सेवा?" माझं मत जरा कोरडं आहे. तू का आलास, हे मी कधी कोणाला विचारत नाही. मार्कांसाठी ये, मैत्रीण इथं येते म्हणून ये, हॉस्टेलवर करमत नाही म्हणून ये. वेळेवर ये आणि त्याच दिवशी ये. डोळ्यांत पाणी आणून येणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत, आणि क्रेडिटसाठी तोंड वाकडं करून आलेले काही जण सत्र संपल्यावरही येत राहतात. मुलाला तुमच्या मनातला भाव कळतो की नाही, मला माहीत नाही. तुमची वेळ मात्र पक्की कळते.

ती किती कळते, ते सांगते. आमच्याकडे दिसणं-ऐकणं दोन्ही नसलेली एक मुलगी आहे. अशा मुलांना आपण कोण आलोय हे स्पर्शानं सांगावं लागतं. खांद्यावर हलका हात ठेवायचा, थोडं थांबायचं, मग आपली खूण तिच्या हाताला द्यायची. माझी खूण मनगटावरचं घड्याळ. मावशींच्या बांगड्या. तिचा हात धरून ओढायचा नाही. आपला हात तिच्या हाताखाली सरकवायचा, म्हणजे हवं तेव्हा तिला काढून घेता येतो. तिच्यासोबत बसणाऱ्या एका विद्यार्थ्याची खूण हातातलं कडं होती. तो खोलीत आला की ती त्याचं मनगट चाचपायची आणि कडं लागलं की हसायची. मग त्याची परीक्षा आली, कॉलेज संपलं, पुण्याला नोकरी लागली. जाताना सगळ्यांचा निरोप घेऊन गेला. तिचा घ्यायचा कसा, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस ती प्रत्येक येणाऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी तपासत होती. आता आमच्याकडे नियम आहे. जाणाऱ्यानं जायच्या आधी काही आठवडे नवा स्वयंसेवक बरोबर आणायचा, दोघांनी मिळून मुलाजवळ बसायचं, दोघांच्या खुणा एकदम द्यायच्या आणि जुन्यानं हळूहळू मागे सरायचं. कॉलेजनं आमच्याशी करार करायचा असेल तर तो या एका गोष्टीचा करावा: ज्युनिअर आल्याशिवाय सीनिअर जाणार नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तो माझ्याच सहकाऱ्यांचा आहे. फुकटची पोरं मिळाली की सरकार आणि संस्था माणसं नेमायचं थांबवतील, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती काही शोभेला नाही. फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ, मदतनीस ही पदं भरलीच पाहिजेत. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला, तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. त्या विभागानं शाळेतल्या मदतनिसांच्या संख्येकडे बघावं, ही मागणी सोडायचं कारण नाही. स्वयंसेवक शिक्षकाच्या जागी नको, शिक्षकाच्या शेजारी हवा. त्याला मुलासोबत कधी एकटं सोडायचं नाही, टॉयलेटला न्यायचं काम त्याचं नाही, औषध द्यायचं काम त्याचं नाही, आणि मुलाचा फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. या चार 'नाही' दारावर लिहिलेल्या आहेत. फोटोचं ऐकून दोन-तीन जण तिथूनच परत गेले. बरं झालं.

ज्यांना मुलांजवळ बसणं खरंच जमत नाही, अशीही पोरं असतात. त्यात लाज नाही. त्यांना मी पालकांकडे पाठवते. आमच्या पालकांत घरकाम करणाऱ्या बाया आहेत, हातगाडीवाले आहेत, शेतमजुरी सोडून इथं आलेले आहेत. मुलाचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, काढायला अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची. तिचं नूतनीकरण राहून गेलं की संरक्षण जातं. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं, हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. कागदपत्रं स्कॅन करणं, आधारवरचं आणि दाखल्यावरचं नाव जुळवणं, ओटीपी आला की लगेच टाकणं, घाटी या सरकारी रुग्णालयात तपासणीची तारीख मिळाली की आईला आदल्या दिवशी फोन करणं. कॉम्प्युटर सायन्सच्या पोराला हे चहा पिता-पिता होतं. त्या आईची मात्र दोन दिवसांची मजुरी आणि रिक्षाचे पैसे वाचतात.

हे शहर शिक्षणाचं आहे, असं आपण अभिमानानं सांगतो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १९५८ मध्ये विद्यापीठ आलं, १९६० मध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. आज जिल्ह्यातल्या गावांतून, जालना, बीड, धाराशिवहून आणि परभणी-हिंगोलीकडूनही पोरं इथं येऊन खोल्या करून राहतात. मेसचा डबा खातात, घरची आठवण काढतात आणि दुपारी बऱ्याच जणांना लेक्चर नसतं. आमच्या शाळेत नेमकी दुपारीच माणसं कमी पडतात. हे दोन्ही एकाच शहरात, रिक्षानं वीस मिनिटांच्या अंतरावर आहे.

तेव्हा प्राचार्यांना आणि एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती. सत्र सुरू झालं की आपल्या जवळच्या विशेष शाळेला फोन करा आणि कार्यक्रम विचारू नका, डब्याची वेळ विचारा. पन्नास नकोत, पाच नावं पाठवा आणि ती सत्रभर बदलू नका. पोरांना सांगा, नखं कापून या, उग्र डिओ मारू नका, मोबाइल सायलेंटवर ठेवा आणि आपलाही डबा बरोबर आणा. पहिले काही आठवडे नुसतं बसायचं आहे, तेवढ्यात स्वतःचं जेवून होतं.